कातळावरचा हत्ती आणि सातबाऱ्यावरचा पोटखराबा

नेहमीप्रमाणे एपिसोडचं लिखित रूप इथे देतोय. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे. ऐकायला वेळ नसेल तर एसटीत, लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये वाचा.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. समजा तुमच्या मालकीच्या जमिनीत एक हत्ती आहे. खराखुरा नाही, दगडात कोरलेला. माणसाला शेतीही माहीत नव्हती त्या काळातला. तर हा हत्ती तुमच्या सातबाऱ्यावर कुठल्या रकान्यात येईल?

उत्तर आहे, कुठल्याच नाही. कोकणात असे शेकडो हत्ती, गेंडे, मासे, पक्षी, माणसं आणि कोणालाच न उलगडलेल्या चौकटी जमिनीवर कोरलेल्या आहेत. ती जमीन म्हणजे उघडा कातळ. पीक येत नाही म्हणून महसुली भाषेत अशा जमिनीला एकच शब्द असतो, 'पोटखराबा'. म्हणजे लागवडीला निकामी. एका बाजूला युनेस्कोच्या यादीत नाव, दुसऱ्या बाजूला तलाठ्याच्या कागदावर निकामी. आजचा एपिसोड या दोन नोंदींच्या मधल्या जागेबद्दल आहे. कातळशिल्पं कशी सापडली हे आपण बघूच, पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. ती नोंदवायची कशी, कोणी, आणि नोंद झाली म्हणजे नेमकं काय झालं?

नवीन श्रोत्यांसाठी, मी इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरचा. बी.टेक. केलं, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पुरातत्त्व शिकलेलो नाही. पण दिवसभर डेटाबेसशी मारामारी करणाऱ्या माणसाला 'नोंद' या शब्दाचं वजन कळतं, त्या बाजूने मी बोलणार आहे.

आधी जागा समजून घेऊ

रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगरमाथ्यावर जी सपाट पठारं आहेत त्यांना तिकडे 'सडा' म्हणतात. सड्यावर माती जवळजवळ नाहीच. असतो तो जांभा दगड. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, म्हणून रंग तांबूस. इंग्रजीत याला लॅटेराइट म्हणतात. ते नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये केरळातला हा दगड बघून दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून. कारण लोक तो विटांसारखा कापून घरं बांधत होते. कोकणी माणूस तेच करतो आणि त्या विटेला 'चिरा' म्हणतो. जांभ्याची गंमत अशी की आतला दगड कापताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. हा गुण नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पावसाळ्यात सडा हिरवागार होतो, रानफुलं येतात, गवत वाढतं. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कातळ उघडा पडायला लागतो. या कातळावर, पायाखाली, आडवी कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं. स्थानिक लोक 'खोदचित्रं'ही म्हणतात. लेण्यातलं शिल्प आपण समोर उभं राहून बघतो, इथे आपण चित्राच्या काठावर उभे असतो. खोदाई फार खोल नसते, काही सेंटीमीटरची चर. पण आकार? राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. म्हणजे एका हत्तीत आपल्याकडचं तीन खोल्यांचं घर अंगणासकट मावेल. आणि त्या हत्तीच्या बाह्यरेषेच्या आत पुन्हा कितीतरी लहान प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. मुशी आहे, पाकट आहे. म्हणजे कोरणाऱ्यांना जंगल आणि समुद्र दोन्ही ओळखीचे होते.

बारसूच्या सड्यावर एक माणूस मधोमध आहे आणि दोन्ही बाजूंना दोन वाघ. सिंधू संस्कृतीच्या मुद्रेवर असंच दृश्य आहे, मेसोपोटेमियात आहे, त्यामुळे या चित्रावर खूप चर्चा झाली. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ भौमितिक नक्षीचा मोठा चौकोन आहे, ज्याचा अर्थ अजून कोणालाही ठामपणे सांगता आलेला नाही. उक्षीचा हत्ती जवळपास खऱ्या हत्तीएवढा.

२०२२ मध्ये 'कोकणातील कातळशिल्पे' युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात नऊ ठिकाणं आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातली सात, म्हणजे उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी. आणि गोव्यातलं पणसायमळ. त्या सुमारास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरेक ठिकाणी दीड हजाराहून जास्त चित्रं नोंदवली गेली होती. तात्पुरती यादी म्हणजे अंतिम मान नव्हे हेही सांगून ठेवतो. ती रांगेत मिळालेली जागा आहे, पुढे सविस्तर प्रस्ताव, तपासणी, सगळं बाकी असतं.

ही सापडली कशी? खरं तर हरवलीच नव्हती

'शोध लागला' हा शब्द मला इथे थोडा खटकतो. सिंधुदुर्गात सतीश लळित यांनी हिवाळे आणि कुडोपीच्या चित्रांवर काम केलं. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी, त्यांची 'निसर्गयात्री' संस्था, वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालत राहिली. हजारो किलोमीटर चालले. रिसबूड स्वतः इंजिनिअर, बरं का! हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

पण त्यांनी वापरलेली खरी युक्ती कुठल्याही ड्रोनपेक्षा भारी आहे. ते शाळांमध्ये गेले. मुलांना सांगितलं, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सड्यावर कुठे चित्रं आहेत का. आणि माहिती यायला लागली. लोक फोटो पाठवायला लागले. म्हणजे बहुतेक चित्रं गुरं चारणाऱ्यांना, गवत कापणाऱ्यांना ठाऊकच होती. काही ठिकाणी त्यांची पूजाही होत होती. माहिती होती, पण ती डोक्यात होती. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एकाच सर्व्हरवर, बॅकअप नाही, आणि सर्व्हरचं वय ऐंशी.

म्हणून मी या लोकांना 'शोधकर्ते' म्हणण्यापेक्षा 'नोंदकर्ते' म्हणेन, आणि माझ्या लेखी तो शब्द लहान नाही.

वय किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न

२०१८ मध्ये राज्य पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी प्राथमिक अंदाज मांडला की ही चित्रं इसवी सनापूर्वी १०,००० च्या आसपासची असावीत. त्यामागचा विचार साधा आहे. चित्रांत शेती नाही. नांगर नाही, पीक नाही. शिकारीचे प्राणी आहेत. म्हणजे कोरणारा समाज शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारा असावा. शिवाय गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठे आहे? म्हणजे कोरणाऱ्याने तो इथे बघितला असेल तर तेव्हाचं हवामान, गवत, पाणी वेगळं असणार. नाहीतर तो बघून आलेला माणूस इथे आला असणार.

मग ठाम तारीख का सांगत नाहीत? कारण कोरलेल्या चित्राचं वय काढणं भयंकर अवघड. गुहेत कोळशाने काढलेलं चित्र असेल तर त्यातल्या कार्बनची तपासणी करता येते. इथे तर काहीतरी काढून टाकून चित्र बनवलंय. रिकाम्या जागेचं वय कसं मोजणार? वर साचलेल्या मातीचं वय काढता येतं, पण सड्यावर पाऊस माती टिकू देत नाही. म्हणून आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं, प्राण्यांच्या जाती, कोरण्याची पद्धत, असे आडवाटेचे पुरावे जुळवावे लागतात. आणि आडवाटेचे पुरावे जुळवायचे तर प्रत्येक चित्राची तपशीलवार नोंद हवी. कुठे आहे, कशाच्या शेजारी आहे, चर किती खोल आहे, कोणतं चित्र कोणत्या चित्रावर कोरलंय. 'इथे एक हत्ती आहे' एवढी नोंद पुरत नाही.

नोंद घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं मित्र उक्षी आणि कशेळीला जाऊन आलो. कशेळीच्या सड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. समोर लालसर कातळ, थोडं गवत, बाकी काहीच नाही. आमच्यातला एक म्हणाला, "चुकलो वाटतं." सोबत आलेले गावातले काका शांतपणे बसले आणि म्हणाले, "बसा जरा. उन्हं कलू देत." चार-साडेचारनंतर ऊन तिरपं व्हायला लागलं आणि रेषा हळूहळू वर आल्या. आधी पाठीची कमान, मग सोंड, मग आतले मासे. डोळ्यांसमोर फोटो डेव्हलप होतोय असं वाटत होतं.

त्या काकांनी एका वाक्यात जे सांगितलं तो जगभरच्या नोंदकामाचा पहिला नियम आहे. तिरपा प्रकाश. उथळ चर डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही, कारण सावलीच पडत नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नाहीतर अंधार पडल्यावर एका बाजूने बॅटरी मारून फोटो घेतात.

दुसरा नियम, मोजपट्टीशिवाय फोटो म्हणजे फक्त फोटो. शेजारी पट्टी ठेवा, उत्तर दिशा दाखवा, तारीख-वेळ लिहा. आता उत्तर दिशेची मजा ऐका. देवाचे गोठणे इथे एका मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई चक्क भरकटते. तिथल्या कातळात चुंबकीय विचलन आहे. तुमच्या फोनमधला कंपास म्हणजे एक छोटा चुंबकीय सेन्सरच, तोही तिथे गंडणार. जीपीएस मात्र उपग्रहांवर चालतं, त्याला चुंबकाशी घेणंदेणं नाही. मग उत्तर काढायची कशी? डिसेंबर-जानेवारीत एक काठी उभी रोवा आणि तिची सावली सगळ्यात आखूड होईल ती रेघ आखा. ती उत्तर-दक्षिण. आणि हे बारा वाजता नाही होत बरं का! आपलं घड्याळ अलाहाबादच्या बाजूच्या रेखांशावर चालतं, कोकण बरंच पश्चिमेला, म्हणून साडेबारा-पाऊणच्या सुमारास होतं. शाळेत भूगोलात शिकलेली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कामाला येते ती अशी.

तिसरा, फोटोग्रामेट्री. नाव जड, काम सोपं. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या कोनांतून भरपूर फोटो घ्यायचे, प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर साठ ते ऐंशी टक्के चढलेला हवा. सॉफ्टवेअर त्या फोटोंमधले समान बिंदू शोधतं आणि त्यावरून थ्रीडी मॉडेल बांधतं. मग तुम्ही लॅपटॉपवर बसून त्या मॉडेलवर हवा तिथून प्रकाश टाका. दुपारी दोन वाजताही संध्याकाळचं ऊन. 'मेशरूम'सारखं मोफत सॉफ्टवेअर आहे, नकाशासाठी 'क्यूजीआयएस' मोफत आहे. खर्च असतो तो बूट आणि पाण्याच्या बाटलीचा. कशेळीएवढ्या मोठ्या चित्राला मात्र ड्रोन लागतो, कारण जमिनीवरून अख्खा हत्ती एका नजरेत दिसतच नाही. मग मला राहून राहून वाटतं, कोरणाऱ्यांनी तो प्रमाणात कसा कोरला असेल? त्यांना तरी वरून कुठे दिसत होता?

आणि काय करायचं नाही ते. चरीत खडू भरायचा नाही, चुना किंवा रंग तर अजिबात नाही. फोटोत उठून दिसतं म्हणून लोक करतात. स्वीडनमध्ये टानुमची कोरीव चित्रं १९९४ पासून जागतिक वारसा आहेत, तिथे पर्यटकांना दिसावीत म्हणून अनेक चित्रं लाल रंगवलीत. त्यावर तिथे मोठा वाद आहे. कारण रंगवणाऱ्याला जी रेष दिसली तीच कायमची ठरते. त्याने चार पाय रंगवले, पाचवी पुसट रेष सोडली, की पुढे सगळ्यांना चारच पाय दिसतात. नोंद घेणाऱ्याने आपला अंदाज दगडावर लिहायचा नसतो, वहीत लिहायचा असतो.

झाडीतली चित्रं वेगळाच त्रास देतात

सडा निदान उघडा असतो. गोव्यातलं पणसायमळ झाडीत आहे. दक्षिण गोव्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठावर. १९९३ मध्ये स्थानिक लोकांनी दाखवल्यावर पुरातत्त्ववाल्यांनी त्याची नोंद घेतली. नदीकाठच्या जांभ्यावर बैल, हरणं, माणसं आणि एक प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं वर्तुळ. पावसाळ्यात पाणी वाढलं की गाळ बसतो, वरून पाचोळा पडतो.

झाडीत नोंद घेणं का अवघड? एक, उन्हाचे कवडसे. अर्धा दगड लख्ख, अर्धा काळोखात, त्यामुळे सॉफ्टवेअर कवडशालाच चर समजतं. ढगाळ दिवस किंवा रात्रीची बॅटरी बरी. दोन, जीपीएस. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं, दाट झाडीत ती चूक बरीच वाढते. मग दहा वर्षांनी तुमच्या आकड्यावर विसंबून आलेला माणूस भलत्याच झाडाखाली पाचोळा उपसत बसेल. म्हणून आकड्यासोबत खुणाही लिहायच्या. नदीच्या वळणापासून किती पावलं, कोणता मोठा दगड, कोणतं झाड. तीन, शेवाळ आणि मुळं. शेवाळ खरवडलं की दगडाचा वरचा थर निघतो. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स.

स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ असा पाच वर्षांचा रॉक आर्ट प्रकल्प झाला. तिकडे वाटीएवढे खळगे आणि त्याभोवती वर्तुळं कोरलेले दगड आहेत, बरेचसे वनखात्याच्या लागवडीत आणि माळरानात लपलेले. तिथे तज्ज्ञांनी गावोगावच्या हौशी लोकांना प्रशिक्षण दिलं, सगळ्यांना एकच फॉर्म दिला, आणि फोटोग्रामेट्री त्यांच्याकडूनच करून घेतली. निवृत्त शिक्षक, शेतकरी, गिर्यारोहक, सगळे. 'एकच फॉर्म' हे त्यातलं सोनं आहे. दहा जणांनी दहा पद्धतीने लिहिलेली माहिती एकत्र करणं म्हणजे काय, हे दहा एक्सेल शीट जोडणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता कोणीतरी विचारणार, एआय कशाला आहे मग? बरोबर आहे. २०२४ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या चमूने आयबीएमसोबत एआय वापरून पेरूतल्या नाझ्काच्या वाळवंटात ३०३ नवी भूचित्रं सहा महिन्यांत शोधली. जबरदस्त काम. पण नाझ्का वाळवंट आहे. तिथे गवत उगवत नाही आणि चित्रं वरून दिसतात. आपल्याकडे पाच महिने गवत, चर बोटभर खोल. ड्रोनचे फोटो चांगल्या ऋतूत, तिरप्या उन्हात घेतले आणि आधी नोंदवलेली दीड हजार चित्रं शिकवायला वापरली, तर एआय नक्की मदत करेल. पण बघा, तिथेही आधी माणसांनी केलेली नोंद लागतेच.

घाई कशाची?

आता जांभ्याचा तो गुण आठवा. आतून मऊ, कापायला सोपा. हातात दगडी हत्यार असलेल्या माणसाला तो कोरता आला, आणि आज यंत्राच्या पात्यालाही तो सहज कापता येतो. सड्यावर चिरेखाणी आहेत. हापूसची कलमं लावायला कातळात सुरुंग लावून खड्डे करतात. रस्ते जातात, कुंपणं पडतात. यात कोणी खलनायक नाही. ज्याच्या घरी उत्पन्नाचं दुसरं साधन नाही त्याने पोटखराब्यातून चिरा काढला तर त्याला दोष कसा देणार? त्याच्या कागदावर तिथे काही आहे असं लिहिलेलंच नाही.

बारसूचं उदाहरण घ्या. नाणारची तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे २०२२ मध्ये बारसूचं नाव आलं, एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी मोठं आंदोलन झालं. प्रकल्प हवा की नको, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. रोजगार हा खरा प्रश्न आहे, मासेमारी आणि बागा हाही खरा प्रश्न आहे. मला एवढंच दाखवायचंय की त्या भांडणात 'इथे कातळशिल्पं आहेत' हे वाक्य कोणालाही बोलता आलं, कारण ती आधीच नोंदवलेली होती, मोजलेली होती, युनेस्कोच्या कागदावर होती. नोंद नसती तर चर्चेत तो मुद्दाच आला नसता. नोंदीने निर्णय होत नाही, पण निर्णय घेणाऱ्याला 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही.

२०२४ मध्ये राज्य सरकारने रत्नागिरी जिल्ह्यातल्या देऊडच्या कातळशिल्पांना राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. तिथे गेंडा, हरीण, माकड, गाढव आणि पावलांचे ठसे आहेत. चांगलंच झालं. पण दीड हजार चित्रं एकेक करून संरक्षित करायची तर आपली नातवंडं म्हातारी होतील. उक्षीला गावाने पुढाकार घेऊन हत्तीभोवती चिऱ्याचा गोल कठडा बांधला आणि बघायला उंचवटा केला. म्हणजे ज्या चिऱ्यापायी चित्रं जातात, त्याच चिऱ्याने एक चित्र राखलं.

माझी सूचना साधी आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना आहे. बँकेचा बोजा तिथे चढतो, विहिरीतला हिस्सा तिथे चढतो. नोंद झालेल्या प्रत्येक कातळशिल्पाचा उल्लेख तिथे का येऊ नये? आणि त्या बदल्यात मालकाला काहीतरी मिळायला हवं. राखणीचं मानधन म्हणा, पर्यटनातला वाटा म्हणा. नुसता बोजा चढवला तर लोक चित्र सापडल्याचं सांगणारच नाहीत. रात्रीत गवताखाली चिरा निघेल आणि विषय संपेल.

एक प्रश्न ज्याचं उत्तर मला अर्धंच सापडलंय

सगळी ठिकाणं अचूक आकड्यांसकट इंटरनेटवर टाकावीत का? माझा पिंड ओपन सोर्सचा. माहिती मोकळी असली की ती टिकते, दहा जण तपासतात, चुका सुधारतात. पण उद्या एखादी रील व्हायरल झाली आणि शंभर बाइक सड्यावर चढल्या तर? चरीवरून टायर जातील, कोणी नाव कोरेल, कोणी गुप्तधनाच्या नादात खणेल. सध्या माझं मत असं झालंय. ज्या जागेला राखणदार आहे, कठडा आहे, गाव तयार आहे, ती जागा उघडपणे सांगावी. बाकीच्यांचं गाव आणि तालुका सांगावा, नेमका आकडा पुरातत्त्व खातं, अभ्यासक आणि ग्रामपंचायत यांच्याकडे असावा. ग्रामपंचायतीवर माझा जोर आहे. गावाची माहिती मुंबईच्या सर्व्हरवर आणि गावाकडेच नाही, असं होता कामा नये.

आपल्या बाजूला काय?

इंदापूर-बारामतीचे श्रोते विचारतील, आपल्याकडे आहेत का कातळशिल्पं? आपला दगड काळा बेसाल्ट, जांभा नव्हे. पण 'आपल्याकडे काही नाही' हे वाक्य जरा जपून वापरा. मोरगाव म्हटलं की आपल्याला मयूरेश्वर आठवतो. त्याच मोरगावजवळ, कऱ्हेच्या खोऱ्यात, अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी सापडल्यात आणि ज्वालामुखीच्या राखेचा थरही सापडलाय. ती राख इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद चालू आहे. कोकणातल्या हत्तीपेक्षा ती हत्यारं कितीतरी जुनी.

आणि आमच्या शेजारचं पळसदेव. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, सगळे सेल्फी काढून येतात. माझ्या आत्याचं सासर तिकडचं. तिच्या सासूबाई देवळापासून हाताने दाखवतात, इथे वेस होती, इथे आमचा वाडा, इथे बाजार भरायचा. त्यांच्या बोटाखाली फक्त चिखल असतो. मागच्या उन्हाळ्यात मी फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्या जिथे जिथे थांबल्या तिथे जीपीएसचा बिंदू घेतला. एकूण चौदा बिंदू झाले. वेस, तालीम, पिंपळ, पाणवठा. हे पुरातत्त्व नव्हे. पण कोकणातल्या शाळकरी मुलांनी आजी-आजोबांना जे विचारलं, त्यापेक्षा ते फार वेगळंही नाही.

तर या आठवड्यात एवढं करा. घरातल्या किंवा शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या शिवारात जुना दगड, वीरगळ, पांढरीची जागा, खोदलेलं काही आहे का. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. जागेवर जा, फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं ठेवा. तारीख, वेळ, गट नंबर, कोणी दाखवलं ते लिहा. काही हलवू नका, घासू नका, घरी आणू नका. आणि नोंदीच्या दोन प्रती करा, एक तुमच्याकडे, एक ग्रामपंचायतीत किंवा शाळेत.

पुढच्या भागात मोरगावची राख आणि त्या हातकुऱ्हाडी. तोवर कोकणात जाणार असाल तर सड्यावर दुपारी पोचलात तरी घाईने परत फिरू नका. थोडं थांबा, उन्हं कलू देत.

भेटू!